चौथ्याची खूण

दिशा, उद्यापासून तुझी रात्रपाळी सुरू होतेय म्हणून सांगतो. एरवी ही गोष्ट मी घरात काढत नाही. तुझ्या काकूला आवडत नाही. झोपली ना ती? मग गच्चीचं दार लोटून घे आणि बस. बाकीचेही बसा, फक्त मधे उठू नका.

शेखर नावाचा एक माणूस आहे. आहे म्हणतो, कारण तो आजही हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. गोष्ट त्याची. त्यानेच मला सांगितली, इथेच, या कट्ट्यावर बसून. घडली त्याची तारीख पक्की आहे, बारा डिसेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. दत्तजयंती दोन दिवसांवर आलेली. अमावास्या नव्हती, वारा नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. चांगलं पिठासारखं चांदणं पडलं होतं.

संध्याकाळी साडेसहाला तो पौडला माझ्याकडे किल्ल्या न्यायला आला. चहा घेतला. काम साधं होतं. अंबरकाठची वसाहत बंद झाली होती आणि तिथले सर्व्हर, शेखरच्या देखरेखीखालचे, विकायला काढले होते. सकाळी टेम्पो येणार. त्याआधी त्यांच्यातलं सगळं पुसून टाकायचं, एवढंच.

मी म्हटलं, "तुम्ही कशाला आलात? हाताखालचं कोणी पाठवायचं."

"जवळच तर आहे, पंत," तो म्हणाला. "रात्रीत उरकतो."

जवळ कसलं. पौडहून ताम्हिणीच्या रस्त्याला तास-सव्वा तास लागतो. पण मी पुढे विचारलं नाही. का आला होता ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

तुम्हाला अंबरकाठ माहीत नसणार. धरणाच्या पाण्याला लागून ही वसाहत उठवली होती. नऊ इमारती व्हायच्या होत्या, तीन झाल्या. उरलेल्या सहांचे खांब नुसतेच उभे आहेत, त्यांवर पिंपळ उगवलेत. तिथलं कार्यालय मी अकरा वर्षं सांभाळलं. पुण्यातल्या निवृत्त लोकांनी तिथे घरं घेतली ती पाणी बघायला नाही, घंटीसाठी घेतली. प्रत्येक घरात पलंगाशेजारी लाल बटण. दाबलं की तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये आणि गेटवर घंटी वाजणार आणि पाच मिनिटांत माणूस दारात. जाहिरातीत पहिल्या पानावर तेच छापलं होतं.

ही घंटी चालायची सर्व्हरवर. दिशा, तुला हे माझ्याहून जास्त कळतं, पण या बाकीच्यांसाठी सांगतो, मला विश्रामने समजावलं होतं तसं. चार सर्व्हर म्हणजे चार आचारी समजा. आचाऱ्याचं स्वतःचं काही नाही, नुसता चुलीपुरता. डाळ, तांदूळ, अर्धं शिजलेलं पातेलंसुद्धा, सगळं एका कोठीत. ती कोठी चौघांत एकच. तिला म्हणायचे स्टोरेज. एक आचारी आजारी पडला तर दुसऱ्याने कोठीतून त्याचं पातेलं उचलायचं आणि आपल्या चुलीवर चढवायचं. पंगतीला पत्ताही लागत नाही.

पण एका पातेल्यात दोघांनी हात घालायचा नाही. घातला की सगळं नासलं. म्हणून कोठीत प्रत्येक पातेल्यावर चिठ्ठी, हे कोणाचं. आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक आचाऱ्याने कोठीत जाऊन एक खूण करायची, की मी उभा आहे. खूण थांबली की बाकीचे समजणार, हा गेला. आता समजा तो गेलेला नाही, नुसती त्याची खूण पोचत नाही. तर? म्हणून पातेलं दुसऱ्याला देण्याआधी तिथे एका माणसाला पडद्यावर प्रश्न विचारला जायचा. चौथा खरोखर बंद आहे का? स्वतः पाहून मगच 'होय' म्हणा.

"बरोबर आहे, काका," दिशा म्हणाली. "तिथे घाई केली की संपलं."

तिथेच घाई झाली.

तीन ऑगस्ट दोन हजार बावीस, बुधवारची पहाट. रात्री दोनच्या सुमाराला चौथ्याची खूण थांबली. शेखर हिंजवडीला घरी होता, जबाबदारी त्याची. त्याने विश्रामला फोन करून उठवलं. विश्राम जवळच्या निवे गावचा पोरगा. डिप्लोमा केलेला, गावात संगणकाचं शिकलेला तो पहिलाच. राहायला आमच्या तिथेच, कामगारांच्या खोलीत. शेखर म्हणाला, तळघरात जाऊन बघ, चौथा चालू आहे की बंद. विश्राम म्हणाला, "दहा मिन्टं द्या साहेब, जिन्यात गुडघाभर पाणी हाय."

शेखरने चार मिनिटं वाट पाहिली. सकाळी नऊला त्याची साहेबांसमोर मीटिंग होती, झोप हवी होती. पाचव्या मिनिटाला त्याने 'होय' दाबलं.

मग विश्रामचा फोन आला. "साहेब, चार नंबर चालूच हाय. व्हय म्हनू नका."

शेखर म्हणाला, "बरं."

तोवर घंटीचं पातेलं दोन चुलींवर चढलं होतं. तीन मिनिटांत ते पातेलं, म्हणजे घंटीचं मशीन, मोडून पडलं. शेखरने विश्रामला सांगितलं, चौथ्याची वायरच उपट. त्याने उपटली. अडीच वाजायच्या आत चौथा थंड झाला. मग रात्रभर दोघं फोनवर. जुन्या प्रतीवरून घंटी पुन्हा उभी करायला सकाळचे सात वाजले.

त्या मधल्या साडेचार तासांत ३०४ मधल्या आशालताबाई गेल्या.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या बाई. तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. एकट्याच राहायच्या. विश्रामवर फार जीव. फोनवर इंग्रजीत कसं बोलायचं ते त्याला त्या शिकवायच्या, थालीपीठ लावलं की खाली निरोप पाठवायच्या. सकाळी कामाला येणाऱ्या हेमलताने दार उघडलं तेव्हा बाई पलंगाखाली पडलेल्या, बटण वायरसकट ओढून घेतलेलं. किती वाजता दाबलं, कितीदा दाबलं, काही कळायला मार्ग नाही. मोजणारं मशीनच मेलेलं.

पुढे अहवाल झाला. चौथा सर्व्हर बंद असताना जागेवरच्या कर्मचाऱ्याने विनापरवानगी चालू केला, त्यामुळे बिघाड. लिहिला शेखरने. खाली साक्षीदार म्हणून सही...

माझी आहे. अशी बघू नकोस, दिशा. वाचली होती मी ती ओळ. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

विश्रामला काढलं. पोलिसांत जबाब झाले, पेपरात नाव आलं. नंतर त्याला कोणी संगणकाला हात लावू दिला नाही. आता नेऱ्याला पाण्याचा टँकर चालवतो. शेखरला त्याच दिवाळीत बढती मिळाली.

पण एक गोष्ट राहून गेली होती. 'होय' कोणी दाबलं, कुठून दाबलं, किती वाजून किती मिनिटांनी, याची नोंद त्या कोठीतच होती. चौकशी मिटेपर्यंत तिला हात लावायचा नव्हता. मिटल्यावर कोणाच्या ध्यानात राहिली नाही. शेखरच्या राहिली.

तर त्या गुरुवारी तो किल्ल्या घेऊन गेला. आठला अंबरकाठच्या गेटवर. तिथे पहारेकरी कुशाबा एकटाच. शेवटचं बिऱ्हाड दसऱ्याआधी हललेलं, तिन्ही इमारती अंधारात. वीज फक्त क्लबहाऊसच्या तळघरापुरती. कुशाबाने शेगडी पेटवली होती. म्हणाला, "भाकरी खाऊन घ्या साहेब, खाली लई गारठा हाय." शेखर नको म्हणाला.

खाली गेला. कपाटात तीन सर्व्हर घोंघावत होते, तळाशी ती कोठी. चौथा बावीस सालीच उपटून कोपऱ्यात ठेवलेला. ना वायर, ना काही. वर बोटभर धूळ. शेखरने खुर्ची ओढली आणि कामाला लागला. एकेक मशीन बंद करायचं, पुसायचं. गेटचं, पंपांचं, कॅमेऱ्यांचं. कंटाळवाणं काम. अकराला त्याने बायकोला फोन केला, म्हणाला सकाळी येतो, दूध घेऊन येऊ का.

दीड वाजता सगळं पुसून झालं. कोठीतलं एक जुनं खातं राहिलं. त्या रात्रीचं. घंटीचं मोडकं मशीन आणि सगळ्या नोंदी त्यातच.

पुसायला गेला. पुसेना.

पडद्यावर आलं, वापरात आहे. कोणाच्या ताब्यात? चार.

"अशी चिठ्ठी मागे राहते, काका," दिशा म्हणाली. "सर्व्हर गेला तरी कुलूप तसंच राहतं. आम्ही काढतो हाताने."

शेखरलाही तेच वाटलं. त्यानेही हातानेच काढली. पुन्हा पुसायला गेला.

वापरात आहे. चार.

पुन्हा काढली. पुन्हा चार.

मग त्याने खुणांचा तक्ता उघडला, कोण कधी कोठीत येऊन गेलं त्याचा. एक, आत्ता. दोन, आत्ता. तीन, आत्ता. आणि चार...

आत्ता.

त्याला वाटलं, घड्याळ बिघडलं असेल. दहा सेकंद थांबला. चारची नवी खूण पडली. आणखी दहा. आणखी एक.

शेखर घाबरट माणूस नाही. त्याने विचार केला, या तिघांतलाच एखादा चारच्या नावाने खूण करत असणार, काहीतरी गफलत. तिसरा बंद केला. तीनची खूण थांबली. दुसरा बंद केला. दोनची थांबली. तळघरातला आवाज निम्म्याहून कमी झाला.

चारची चालूच.

तो उठला. कोपऱ्यात गेला. मोबाईलचा दिवा धरला. चौथ्यावरची धूळ तशीच, कोणी हात लावलेला नाही. पंखा थांबलेला. मागे वायरींची भोकं रिकामी. त्याने त्यावर तळहात ठेवला.

गार. पूर्ण गार.

मागे वळला. पडद्यावर नवी खूण.

आता तो बसला नाही. उभ्यानेच ते जुनं खातं उघडून पाहिलं. पुसता येत नव्हतं, वाचता येत होतं. आत एक फाईल होती, पूर्वी कधी पाहिली नव्हती. घंटीची नोंदवही. तारीख तीन ऑगस्ट दोन हजार बावीस. वरून एकेक ओळ उमटत होती. कोणी सावकाश लिहीत असावं तशी.

३०४. दोन एकतीस.

३०४. दोन चौतीस.

३०४. दोन पस्तीस.

तुम्ही लक्षात घ्या. चौथा अडीचच्या आत बंद झाला होता. शेखरच्याच सांगण्यावरून. बाकी तिघांवर मशीन मोडलेलं. मग ही नोंद ठेवली कोणी?

३०४. तीन दहा.

३०४. तीन अकरा.

त्याने गेटवर फोन लावला. कुशाबा जागा होता.

"कुशाबा, ३०४ मध्ये कोणी आहे का?"

"आशाबाईंचं घर? न्हाई साहेब. कुलूप हाय कवाचं."

"तुमच्याकडे घंटी वाजतेय का?"

"घंटी कुटली आता. पॅनल तर पंतांनी काढून नेला दिवाळीत."

खरंच होतं ते. मीच काढला होता गेटचा. तळघरातला तेवढा भिंतीवर राहिला होता, मागच्या वायरी कापून.

"तुम्ही वर या साहेब," कुशाबा म्हणाला. "उद्याच्याला करा काय ते."

शेखरने फोन खाली घेतला. कारण भिंतीवरच्या पॅनलवर एक बारीक लाल दिवा लागला होता.

३०४.

घंटी वाजली. एकदा. थांबली.

पुन्हा वाजली.

पॅनलशेजारी इंटरकॉमचा रिसीव्हर होता. त्याचीही वायर कापलेली, टोक भिंतीवर लोंबत होतं. शेखरने ते टोक पाहिलं. पाहिलं आणि तरीही रिसीव्हर उचलला. का उचलला, विचारलं मी त्याला. म्हणाला, पंत, घंटी थांबावी म्हणून.

आधी नुसती खरखर. मग आवाज. शांत. नीट. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईचा.

"हॅलो... लाइनवर कोणी आहे का?"

...

"विश्राम? तू आहेस का रे खाली?"

...

"घाई नाही, बाळा. पाणी असेल जिन्यात. सावकाश ये."

...

"पण ये."

खरखर. मग तीही नाही.

त्याने रिसीव्हर ठेवला. पडद्यावर ओळी उमटतच होत्या. चार दोन. चार वीस. चार एकेचाळीस. आता मधे मधे अंतर पडत होतं. पाच सतरा. आणि मग खूप वेळाने, पाच बावन्न.

पाच बावन्नपर्यंत बाई जिवंत होत्या. विश्राम खाली तळघरात होता. शेखर फोनवर होता. एक अंगण आणि तीन मजल्यांचं अंतर.

त्या ओळीखाली प्रश्न आला. जुनाच.

चौथा खरोखर बंद आहे का? स्वतः पाहून मगच 'होय' म्हणा.

शेखर दाराकडे गेला. क्लबहाऊसमधून बाहेर, अंगण ओलांडून बी इमारत, तिसरा मजला. दोन मिनिटं. किल्ल्यांच्या जुडग्यात ३०४ची किल्ली होती. मी स्वतः लावून दिली होती. तो जिन्यापर्यंत गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वर चांदणं दिसत होतं.

मागे घंटी वाजली.

तो थांबला. आणि त्याच्या मनात आलं, अजून पुसलेलं नाही. सात वाजता टेम्पो येणार. ती फाईल टेम्पोतून गेली, कोणी उघडली, तर बाईंच्या सगळ्या ओळी आणि त्यांच्या वर आपलं नाव. दोन वाजून सतरा मिनिटं. 'होय.'

तो परत फिरला.

मला हे सांगताना तो रडला नाही. नुसता म्हणाला, "पंत, मी जिन्यापर्यंत गेलो होतो." दोनदा म्हणाला.

पडद्यासमोर आला. बसला नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं.

होय.

घंटी थांबली. लाल दिवा गेला. चारची खूण थांबली. खातं मुकाट्याने पुसलं गेलं. बाईंच्या ओळी, विश्रामची सुटका, सगळं. मग पहिला सर्व्हर आपोआप बंद झाला आणि तळघरात...

काही नाही. कसलाच आवाज नाही.

मी सकाळी सातला टेम्पोबरोबर पोचलो. शेखर कुशाबाच्या शेगडीशी बसलेला, दोन्ही हात काखेत. कुशाबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साडेतीनला आलं वर. तवापासून एक सबुद न्हाई." मी विचारलं, झालं का काम? तो म्हणाला, "झालं." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

फेब्रुवारीत तो इथे मुक्कामाला आला आणि सगळं बोलला. ऐकून मी रात्रभर या कट्ट्यावर बसून होतो. सकाळी त्याला म्हटलं, चला, विश्रामकडे जाऊ. त्याने आढेवेढे घेतले, पण आला.

नेऱ्याच्या पुढे विहिरीवर टँकर भरत होते. विश्राम पाइप धरून उभा होता. चाळिशीचा वाटावा असा झालाय, आहे बत्तीस वर्षांचा. शेखरने सगळं सांगितलं. 'होय'चं, अहवालाचं, गुरुवारच्या रात्रीचं. मीही माझ्या सहीचं सांगितलं. टँकर भरत आला तसं विश्रामने वर चढून पाण्याची पातळी पाहिली, उतरला.

म्हणाला, "लिहून द्याल का हे?"

शेखर म्हणाला, "वकिलाला विचारावं लागेल. पुरावा काही राहिलेला नाही आता."

"तुमीच पुसला."

"हो."

विश्रामने मान हलवली. भाव विचारून परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्याने शेखरकडे पाहिलं. मग मला विचारलं, "पंत, बाई माझं नाव घेत होत्या?"

"हो रे."

"मंग मला कसं ऐकू आलं न्हाई? मी हुतो की खालीच. रातभर त्या पॅनलाम्होरं बसलो हुतो." त्याने पाणी बंद केलं. "एकदाबी दिवा लागला न्हाई. मी बघत हुतो."

त्याने पाइप गुंडाळला, टँकरचं दार लावलं आणि मारुंजीच्या रस्त्याला लागला. आम्ही दोघं त्या चिखलात उभे.

मी लिहून दिलं, दिशा. तीन पानं, सही-तारखेसकट. पण द्यायचं कोणाला? वसाहत बांधणारी कंपनी मिटली. वसाहत मिटली. बाईंच्या मुलाला पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. पोलिसांत गेलो तर ते म्हणाले, पुरावा आणा. एक प्रत विश्रामला दिली. त्याने ती टँकरच्या काचेला लावलेल्या देवाच्या फोटोमागे खोचली. वाचली की नाही, माहीत नाही. शेखरने अजून वकिलाला विचारलेलं नाही.

एवढीच गोष्ट. पण एक राहिलं.

त्याच दिवशी परत येताना शेखरला नवं सिमकार्ड घ्यायचं होतं. म्हणाला जुन्या नंबरावर रात्री फोन येतात, कोणी बोलत नाही. पौडच्या चौकात मोबाईलचं दुकान आहे, तिथे समरीन म्हणून मुलगी बसते. चांगली हुशार पोरगी. तिने अंगठ्याचं छोटं मशीन पुढे केलं, म्हणाली, काका, उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवा.

शेखरने ठेवलं.

"ठेवा ना, काका."

"ठेवलंय."

तिने मशीन फडक्याने पुसलं. पुन्हा ठेवायला सांगितलं. मशीनवर अक्षरं आली. बोट ठेवलेलं नाही.

तिने दुसरं बोट घेतलं, लगेच आलं. अंगठा आला. डावा हात सगळा आला. नऊ बोटं आली. ते एक नाही. मग तिने त्याचा हात धरून काउंटरवरच्या दिव्याखाली नेला. मी शेजारीच होतो, मलाही दिसलं. पेरावर रेषा नव्हत्या. एकही नव्हती. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.

"भाजलं होतं का, काका?" तिने विचारलं.

शेखर म्हणाला, "नाही."

मग बराच वेळ ती त्याचा हात तसाच धरून होती. आणि तो त्या बोटाकडे बघत होता... जणू आपलं नाहीच.